आठ रविवार

(कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात ए विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले हे भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून त्यांनी ते लिहून दिले. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)

पाण्याच्या टाकीवर चढून बसलेल्या बालमित्रांनो, तुम्ही आधी खाली उतरा. तोपर्यंत मी सुरुवात करत नाही.

हं. आता ठीक.

मला भाषणाची सवय नाही. माइकची मात्र आहे. चौतीस वर्षं एसटीत होतो, त्यातली बरीचशी कंट्रोलर म्हणून. तारकपूर, माळीवाडा, स्वस्तिक, या तिन्ही स्टँडांवर मी बसलोय. माइकवर एकच वाक्य आयुष्यभर बोललो. अमुक ठिकाणी जाणारी गाडी फलाट क्रमांक तमुकवर लागलेली आहे, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. त्यामुळे आज दोन वाक्यांच्या पुढं गेलो की अडखळणार, ते सांभाळून घ्या. दूध आटेपर्यंत मी संपवतो.

कमिटीनं मला विषय दिला तो असा, की आपल्या सोसायटीतली मुलं परदेशी चाललीत, मजल्यागणिक एक तरी घर असं आहे, तर त्यावर तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं, परदेशाबद्दल मी काय बोलणार? माझा पासपोर्टसुद्धा नाही. पण मुलगा जायच्या आधीचे जे आठ रविवार आम्हाला मिळाले, त्याबद्दल मला बोलता येईल. त्यातले दोन आम्ही वाया घालवले. निदान तुमचे तरी वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी सांगतो.

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२४ ची दिवाळी. पाडव्याला ओवाळून झालं, आणि चिरंजीवांनी हळूच सांगितलं की हॉलंडमध्ये, आइंडहोवन नावाच्या गावी नोकरी मिळाली. सूनबाई आणि नातू बरोबरच जाणार. कोरोनापासून तो पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करत होता, त्यामुळे नातू इथंच वाढला. याच पार्किंगमध्ये सायकल शिकला. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या काचा त्यानं फोडल्यात. नऊ वर्षांचं पोर.

मी "अभिनंदन" म्हटलं आणि टीव्ही लावला. खरं सांगायचं तर त्यानंतर तीन आठवडे मी नीट बोललोच नाही. रागावलो होतो का? नाही. पण माणसाला रडता येत नसलं की तो गप्प बसतो, त्यातला प्रकार.

निघायचं ठरलं १७ जानेवारीला, संक्रांत झाली की शुक्रवारी. आधीचा काही काळ कागदपत्रांत गेला. नातवानं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढचे रविवार मोजले. रविवार तसेही लाल असतात, त्यानं त्यावर निळ्या पेनानं गोल केले. २४ नोव्हेंबर ते १२ जानेवारी. बरोबर आठ.

मुलानं यादी केली. भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड, सांदण दरी, कळसूबाई, निघोजचे रांजणखळगे, रेहेकुरी, नेवासा, सिद्धटेक, वृद्धेश्वर, मढी, चांदबीबीचा महाल, डोंगरगण, पेमगिरीचा वड... बावीस ठिकाणं. म्हणाला, "जन्मापासून नगर जिल्ह्यात राहिलो आणि काही बघितलं नाही. आता सगळं बघून जाऊ." आठ रविवार आणि बावीस ठिकाणं. वेळापत्रक लावण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे गणित बघूनच घाम फुटतो. पण मी गप्प होतो ना! बोललो नाही.

पहिला रविवार पुण्याला गेला. लोकरीचे कोट, बूट, मोजे, कानटोप्या. रात्री अकराला परत आले. नातू गाडीतच झोपलेला.

दुसऱ्या रविवारी, १ डिसेंबरला, पहाटे चारला हे भंडारदऱ्याला निघाले. एका दिवसात धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, आणि जमलं तर कळसूबाईचा पायथा. मंडळी, आपला जिल्हा महाराष्ट्रात क्षेत्रफळानं सगळ्यांत मोठा. नगरहून भंडारदरा म्हणजे जायलाच चार तास. त्यात पोराला घाटात मळमळलं. धबधबा बघितला तर डिसेंबरमुळे पाणी बेताचं. देवळापाशी पोचले तेव्हा परतायची घाई. १९२६ साली बांधून झालेलं ते धरण, प्रवरेचं सगळं पाणी धरून बसलेलं, आणि त्याच्यासमोर ही मंडळी दहा मिनिटं उभी राहिली. फोटो काढले तीनशे. रात्री घरी आले ते एकमेकांशी भांडतच.

जेवताना नातवानं मला विचारलं, "आबा, तुम्ही भंडारदरा किती वेळा बघितलंय?"

मी म्हटलं, "एकदाही नाही."

"मग तुम्हाला रस्ता कसा माहीत?"

"मी गाड्या सोडायचो ना तिकडं. अकोले, राजूर, सगळ्या पाट्या पाठ आहेत मला."

"आणि मोहटादेवी?"

"नवरात्रात जादा गाड्या सोडायचो."

"पण तुम्ही बसायचा नाहीत त्यात?"

पोराला हसू येत होतं. त्याला वाटलं आबा गंमत करतायत. पण माझा मुलगा हसला नाही. भात कालवता कालवता तो म्हणाला, "अरे, आमच्या लहानपणी रविवारी आबा घरी नसायचेच."

आवाज चढवून नाही म्हणाला. तक्रारही नव्हती. जसं "इथं पूर्वी चिंच होती" म्हणावं तसं म्हणाला.

यात मी कुणाला दोष देत नाही. रविवारची ड्युटी मी मागून घ्यायचो. रविवारी स्टँडवर गर्दी, मला त्या गर्दीची हौस होती. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. मंगळवारी मुलगा शाळेत, मी दळण, रॉकेल, बँक उरकायचो. पुणे ते नगर ही राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली, हे मी येईल त्या माणसाला अभिमानानं सांगत आलोय. पण माझ्या स्वतःच्या पोराला घेऊन मी कुठल्या गाडीत बसलो, असं त्या रात्री आठवायला लागलो, तर लग्नकार्य आणि मयत सोडून एकही प्रवास आठवेना.

रात्री मी ती यादी आणि एक जुनी वही घेतली. सकाळी चहाबरोबर वेळापत्रक टेबलावर ठेवलं. नियम तीन. एका रविवारी एकच ठिकाण. लांबचं एकच, बाकी सगळी दोन तासांच्या आतली. आणि शेवटचा रविवार मोकळा, जादा गाडीसाठी राखीव. बावीसपैकी सतरा ठिकाणांवर मी काट मारली. मुलगा बघत राहिला. म्हणाला, "अण्णा, यात प्रवासी पाच लिहिलेत?"

मी म्हटलं, "हो. मी आणि तुझी आई धरून."

८ डिसेंबरला आम्ही चांदबीबीच्या महालावर गेलो. इथून तासाभराच्या आत. लोक चांदबीबीचा म्हणतात, पण ती कबर सलाबतखानाची, निजामशाहीतल्या वजिराची. हे नातवाला सुनेनं मोबाइलवर बघून सांगितलं आणि त्याला फार राग आला. म्हणाला, "मग पाटी बदलायला पाहिजे." माझाच नातू! वरपर्यंत गाडी जाते, पण आम्ही खाली लावून चढलो. आमची ही मात्र गाडीनंच वर आली, तिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. वर जाऊन कमानीच्या सावलीत बसलो. डब्यात बाजरीची भाकरी, मेथी आणि शेंगदाण्याची चटणी. समोर सगळं नगर पसरलेलं. आपली सोसायटी कुठल्या बाजूला, यावर अर्धा तास वाद. किल्ला कुठं असेल, हे मी अंदाजानं दाखवलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांना तिथं आणून ठेवलं होतं. १९४४ साली नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं. ते तिथं बागकामसुद्धा करायचे, खडकाळ जमीन उकरून. नातू म्हणाला, "म्हणजे ते नगरला राहिले आणि नगर बघितलंच नाही?" आमच्या घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

१५ तारखेला निघोज. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात ते रांजणखळगे आहेत, मळगंगेच्या देवळाजवळ. मी ऐकून होतो, पण बघितल्यावर बोलती बंद झाली. काळा कातळ, आणि त्यात खोल खोल रांजण. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे भोवऱ्यात अडकतात आणि फिरून फिरून खडक कोरतात. हजारो वर्षं हेच काम. पाणी ओसरल्यावर काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे दिसतातसुद्धा. (जाणाऱ्यांना सूचना: काठावर जाऊ नका. कातळ गुळगुळीत आहे आणि आतलं पाणी किती खोल ते वरून कळत नाही. मुलांचा हात सोडू नका.) तिथं मी आणि मुलगा एका कातळावर बसलो होतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "अण्णा, तुम्हाला सोडून जाणं बरोबर आहे का, हे मला कळत नाही." तीन आठवडे घरात हे वाक्य तो बोलू शकला नव्हता. मी म्हटलं, "मी तुला सोडून रोज जात होतो. तू तर सांगून चाललायस." बस्स. यापुढं काही बोलणं झालं नाही. पण त्या दिवसापासून मी टीव्ही लावायचा बंद झालो.

२२ ला रेहेकुरी. कर्जत तालुक्यातलं काळविटांचं अभयारण्य, १९८० सालचं. सव्वादोन चौरस किलोमीटरचंसुद्धा नाही, एवढंसं. पण पहाटे साडेचारला निघालो, मिरजगावला चहा घेतला आणि उजेड होताना तिथं पोचलो. वाळलेलं पिवळं गवत, त्यावर धुकं. आणि मग एक नर दिसला, वरून काळा, पोटाला पांढरा, शिंगं पिळदार. त्याच्यामागं तपकिरी माद्यांचा कळप. आमचा नातू, जो जेवतानासुद्धा गप्प बसत नाही, तो पाऊण तास हूं की चूं न करता उभा होता. मी त्याच्याकडेच बघत होतो. काळविटं मी फारशी बघितली नाहीत, हे कबूल करतो.

२९ ला हुरडा. माझ्याबरोबर काम केलेल्या एका ड्रायव्हरचं शेत आहे, त्यानं आग्रहानं बोलावलं. आपल्याकडं हुरडा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, पण हल्ली पैसे भरून खुर्चीवर बसून हुरडा खायची पद्धत आलीय, म्हणून सांगतो. नातवानं स्वतः ज्वारीची कणसं काढली. आगटीत गोवऱ्यांच्या विस्तवात भाजली. गरम कणीस हातावर चोळताना हात भाजला तर ओरडला, पण सोडलं नाही. गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. आजीच्या हातून हुरडा खाऊन झाल्यावर त्यानं आजीला चोळून दिला. त्याच्या आजीनं ते दाणे मोजून खाल्ले असावेत, इतका वेळ लावला.

५ जानेवारीला आमचा एकच लांबचा पल्ला, कळसूबाई. या खेपेला शनिवारीच गेलो आणि पायथ्याच्या बारी गावात मुक्काम केला. मुक्कामाची गाडी, म्हणा ना. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर. मुलगा, सून आणि नातू पहाटे चढायला लागले, मी आणि ही खाली थांबलो. एका घराच्या ओट्यावर बसून दिवसभर वर बघत होतो. कड्यावर लोखंडी शिड्या लावल्यात, त्यावर माणसं मुंगीएवढी दिसतात. त्यातली आपली कुठली, हे कळत नाही. मनात म्हटलं, आता हीच सवय लागायची. दुपारी तिघंही खाली आले. नातवाचे गुडघे खरचटलेले, तोंड लाल. वरून धरणाचं पाणी दिसलं, अलंग-मदन-कुलंग दिसले, देवीच्या देवळात नारळ फोडला, सगळं एका दमात सांगून टाकलं. मग त्यानं मला विचारलं, "आबा, हॉलंडमधला सगळ्यांत उंच डोंगर किती आहे माहितीय?" त्यानं वाचून ठेवलं होतं. ३२२ मीटर. आणि आपलं नगर शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर. म्हणजे आपण घरात सोफ्यावर बसलो तरी त्यांच्या डोंगराच्या दुप्पट उंचीवर बसलेलो असतो! हे ऐकल्यापासून मला आपल्या तळमजल्याबद्दलसुद्धा आदर वाटायला लागलाय.

राहिला आठवा रविवार, १२ जानेवारी. राखीव. मी नातवाला म्हटलं, "जादा गाडी आहे. कुठं सोडायची ते तू सांग." मला वाटलं परत चांदबीबीवर म्हणेल, किंवा समुद्र म्हणेल. तो म्हणाला, "कुठंच नाही. खाली क्रिकेट, मग गच्चीवर पतंग."

तेव्हा आठवा रविवार इथं झाला. सकाळी पार्किंगमध्ये दोन्ही विंगच्या पोरांची मॅच. दुपारी याच गच्चीवर पतंग. संक्रांत दोन दिवसांवर होती, सगळं सावेडी वर चढलेलं. साधा सुती मांजा, नायलॉनचा नाही, ही अट मी घातली होती आणि पोरांनी पाळली. तुमच्यातले बरेच जण त्या दिवशी इथं होता. बी विंगमधून भजी आली होती, सी विंगमधून तिळाच्या वड्या. माझा मुलगा त्या टाकीपाशी उभा राहून ढील देत होता, चक्री मी धरली होती. मुलाच्या पतंगाची चक्री मी आयुष्यात पहिल्यांदा धरली. तो अडतीस वर्षांचा, मी एकाहत्तर. बाकीच्या सात रविवारांत बघितलेलं एका बाजूला ठेवलं, आणि ती चक्री दुसऱ्या बाजूला, तर मी चक्री घेईन.

शुक्रवारी ते गेले.

आता ज्यांच्या घरी हे यायचंय, त्यांच्यासाठी पाच गोष्टी सांगतो. अनुभवाच्या आहेत, लिहून घ्या.

पहिली. कागदपत्रं आधी करा आणि आठवड्याच्या दिवशी करा. जन्मदाखला, लग्नदाखला यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल नावाचा शिक्का लागतो. तो एका फेरीत होत नाही. आम्ही ते सुरुवातीलाच हातावेगळं केलं म्हणून रविवार मोकळे राहिले. नाहीतर झेरॉक्स काढण्यातच जानेवारी उजाडतो.

दुसरी. खरेदीला एक रविवार देऊ नका. कोट तिकडंही मिळतात. आणि बॅगेत काय भरायचं याची चौकशी आधीच करा. युरोपात प्रवाशाला बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काही नेता येत नाही. आमच्या हिनं दोन किलो साजूक तूप कढवून ठेवलं होतं, पेढे केले होते. सगळं इथंच राहिलं आणि मी वजनानं वाढलो. रोपं सर्टिफिकेटाशिवाय चालत नाहीत आणि माती तर चालतच नाही. नातवाला शेतातली मूठभर माती न्यायची होती, ती आता आमच्या बाल्कनीत कुंडीत आहे आणि तिच्यात तुळस लावलीय. तो फोनवर तिची चौकशी करतो. नारळ मात्र चालतो, तो द्या.

तिसरी. जवळचं आधी बघा. लांबचं ठिकाण आयुष्यात पुन्हा कधी तरी ट्रिप काढून होतं. वीस-पंचवीस किलोमीटरवरचं राहून जातं, कारण ते कधीही बघता येईल असं वाटतं. मी याचा जिवंत पुरावा इथं उभा आहे.

चौथी. मागं राहणाऱ्या माणसांना बरोबर घ्या. जाणारे म्हणतात, आई-बाबांना त्रास नको, गुडघे दुखतात, उन्हाचं कशाला. अहो, दुखू द्या. आम्ही ओट्यावर बसतो, पण आम्हाला न्या. जाणाऱ्याला तिकडं नवीन घर, नवीन शाळा, नवीन रस्ते असतात. राहणाऱ्याला तेच घर असतं, फक्त रिकामं. त्याला आठवायला काही तरी हवं ना.

पाचवी. ऊन भरपूर घ्या. हे माझं नाही, सूनबाईनं तिकडं गेल्यावर सांगितलेलं. जानेवारीत तिकडं साडेआठनंतर उजाडतं आणि पाचला अंधार. नातू अंधारात शाळेत जायचा. पहिल्या महिन्यात त्यानं एकदा फोनवर विचारलं, "आबा, तिकडं ऊन आहे का?" मी मोबाइल घेऊन इथं गच्चीवर आलो आणि त्याला ऊन दाखवलं. तो बराच वेळ बघत होता. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड, तेव्हा त्यानं मला दाखवला. झाली फिटंफाट.

एवढं सगळं सांगितल्यावर, "मग आता कसं चाललंय?" असं तुम्ही विचाराल. पहिले दोन महिने वाईट गेले. रविवार आला की मी सकाळी उठून अंघोळ करून बसायचो आणि मग आठवायचं की आज कुठं जायचं नाही. एका रविवारी ही म्हणाली, "यादीतली सतरा ठिकाणं राहिलीत ना? मग बसलात कशाला?"

मंडळी, तेव्हापासून आम्ही दोघं महिन्यातून एक रविवार बाहेर पडतो. ज्यावर मी काट मारली होती, तीच यादी. डोंगरगण झालं, वृद्धेश्वर झालं, नेवाशाला पैस खांबाचं दर्शन झालं, ज्ञानेश्वर माउलींनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो. मोहटादेवीला गेलो, एसटीनं, तिकीट काढून. कंडक्टर पोरगा नवीन होता, त्यानं ओळखलं नाही. खिडकीशी बसून मी स्टँडवरची घोषणा ऐकली. माझ्यापेक्षा आवाज बरा आहे हो त्या कंट्रोलरचा.

मुलाला दर वेळी मी फोटो पाठवतो. एकच. तीनशे नाही. एका फोटोवर त्यानं लिहिलं, "अण्णा, माझ्या लहानपणीचे रविवार आता काढताय का?" मला कळेना यावर काय उत्तर द्यावं. ही म्हणाली, "हो लिहा." मी "हो" लिहिलं.

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं झाली. २००० साली इथं राहायला आलो तेव्हा ही गच्ची उघडी होती, कठडासुद्धा अर्धाच होता. तेव्हाची कडेवरची पोरं आज कुणी दुबईत, कुणी अमेरिकेत, कुणी पुण्यात. याच्यापुढंही जातील. जाऊ नका असं सांगायचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. स्टँडवर बसलेल्या माणसानं गाडी अडवायची नसते. पण इथं राहणाऱ्या आपल्या सगळ्यांकडं गाड्या आहेत, रविवार आहेत, आणि जाणारी-न जाणारी पोरं आहेत. म्हणून कमिटीच्या परवानगीनं एक सूचना देतो. दिवाळी झाली की पुढच्या महिन्यापासून, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आपल्या सोसायटीची सहल. एकच ठिकाण, दोन तासांच्या आतलं. वयाची अट नाही. गुडघेदुखीवाल्यांना पुढची सीट. डबा ज्याचा त्यानं आणायचा, चटणी आमच्या घरून.

दूध आटलेलं दिसतंय, तेव्हा शेवटचं बोलतो. जुनी सवय आहे, तेवढं माफ करा.

चांदबीबी महालाकडं जाणारी गाडी सकाळी साडेसहा वाजता आपल्या गेटसमोर लागेल. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.